आधी उजेड हलव, मग कॅमेरा बदल

अगं, तू पाठवलेले सगळे फोटो मी मोठे करून, नीट पाहिले. आबांचा डबा तू उघडलास, एकेक नाणं काढून मांडलंस, याचंच मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण शेवटी तू विचारलंयस, ‘नवा कॅमेरा घेऊ की मॅक्रो लेन्स?’ तेव्हा म्हटलं, हिच्याशी जरा निवांत बोलायला हवं. तुला म्हणून सांगते, इतक्यात काहीच विकत घेऊ नकोस. तुझा फोन या कामाला पुरेसा आहे. तुझ्या फोटोंत चुकतेय ती फक्त उजेडाची दिशा.

ती शिवराईच घे, शिवाजीमहाराजांच्या नावाचं ते तांब्याचं नाणं. हातात धरून बघितलीस तर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ अशी अक्षरं लागतात. काही कडेला कापली गेलीत, पण तो दोष नाही. ठशापेक्षा तांब्याचा तुकडा लहान असायचा, म्हणून बहुतेक शिवरायांवर सगळी अक्षरं सापडतच नाहीत. तुझ्या फोटोत मात्र एक तपकिरी गोल तुकडा आणि त्यावर मधोमध पांढरा झगझगीत डाग, एवढंच आहे. फोनचा फ्लॅश चालू होता ना? तो आधी बंद कर आणि नाण्यांसाठी परत कधीच लावू नकोस.

नाण्यावरचं अक्षर शाईनं लिहिलेलं नसतं, ते धातूतून उठलेलं असतं. कागदावर काळं-पांढरं असतं म्हणून समोरून उजेड टाकला तरी वाचता येतं. नाण्यावर अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची. आपल्याला दिसते ती फक्त अक्षराची सावली आणि त्याची उजळलेली कड. लेन्सच्या शेजारूनच उजेड आला की सावली अक्षराच्या मागं लपते आणि अक्षर पुसलं जातं. शंभर हातांतून झिजलेल्या शिवराईवर तर उठाव केसाएवढाच उरलेला असतो. दुपारी बाराला नांगरलेलं शेत सपाट दिसतं आणि संध्याकाळी तिरक्या उन्हात त्याचं एकेक तास मोजता येतं, तसंच हे आहे.

आता असं कर. रात्री खोलीतले सगळे दिवे घालव, फक्त एक टेबल लॅम्प ठेव. शिवराई टेबलावर, फोन तिच्या बरोबर वर, आणि लॅम्प हातात. लॅम्प टेबलाच्या जवळ, अगदी खाली आण आणि नाण्याभोवती हळूहळू फिरव. फोटो काढू नकोस, नुसतं स्क्रीनवर बघत राहा. एका जागी ‘रा’चा काना उठून येईल आणि आडव्या रेघा गायब होतील; थोडं पुढं गेलीस की रेघा येतील आणि काना जाईल. कारण जी रेघ उजेडाच्याच दिशेनं धावते तिची सावली पडत नाही. आपल्या अक्षरांत उभा काना आणि आडवी रेघ दोन्ही असतात, म्हणून उजेड सरळ वरून किंवा सरळ बाजूनं नको, कोपऱ्यातून हवा. घड्याळात दहाचा आकडा असतो ना, साधारण तिथून.

हे बारीक वाटेल, पण त्यावर नाण्याची ओळख ठरते. शिवरायांमध्ये दुदांडी नावाचा प्रकार आहे. त्यावर दोन समांतर आडव्या रेघा असतात, म्हणून दुदांडी. उजेड नेमका उजव्या किंवा डाव्या बाजूनं आला तर त्या झिजलेल्या रेघा फोटोत उतरतच नाहीत, आणि बघणारा तिला साधी शिवराई म्हणून सोडून देतो. शिवराया काही एकट्या शिवाजीमहाराजांच्या काळातच पडल्या नाहीत. 1674 च्या राज्याभिषेकानंतर पुढं पेशवाईत आणि तिच्यानंतरही काही काळ त्या पाडल्या गेल्या. त्यामुळं अक्षराचं वळण, ‘शि’ आहे की ‘सि’, ‘पति’ची वेलांटी पहिली की दुसरी, यावरूनच जाणकार प्रकार लावतात. तुझ्या फोटोतली वेलांटी त्यांना दिसलीच पाहिजे.

लॅम्प किती खाली ठेवायचा, तेही सांगते. नाणं जितकं झिजलेलं तितका उजेड आडवा. डब्यातल्या त्या गुळगुळीत ढब्बू पैशासाठी लॅम्प जवळजवळ टेबलाला टेकव. पण राणीछाप रुपया चांगल्या स्थितीत आहे, त्याला इतका आडवा उजेड दिलास तर राणीच्या मुकुटाची काळी सावली तिच्याच तोंडावर पडेल. तिथं लॅम्प वर उचल, निम्म्या उंचीवर आण. चेहरा असलेल्या नाण्याला आणखी एक पथ्य: चेहरा जिकडं बघतोय तिकडून, वरच्या कोपऱ्यातून उजेड द्यायचा. राणी व्हिक्टोरिया आणि पंचम जॉर्ज डावीकडं बघतात, म्हणून दहाचा आकडा बरोबर बसतो. सातव्या एडवर्डच्या रुपयावर मात्र राजा उजवीकडं बघतो, त्याला दोनच्या आकड्याकडून उजेड दे. नाक, ओठ, हनुवटी कशी सुबक उतरतात बघ.

आणि उजेड खालून, म्हणजे सहाच्या आकड्याकडून, चुकूनही नको. आपल्या डोळ्यांना सूर्य डोक्यावर असायची सवय. खालून उजेड पडला की मेंदू सगळं उलटं वाचतो आणि उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. तू त्या आण्याचा फोटो पाठवून ‘यावर अक्षरं आत कशी?’ असं विचारलंस. आत नाहीतच ती. फोटो उलटा फिरवून बघ, अक्षरं टपकन वर येतील.

उजेडाचं एवढं का लावून धरलंय, ते जोगळटेंभीच्या नाण्यांवरून कळेल. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नवीन नाणी पाडण्याऐवजी शत्रूच्याच नाण्यावर एका बाजूला चैत्याची टेकडी आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनीचं चिन्ह ठोकलं. जुना ठसा पुरता मोडला नाही. तिरका उजेड नीट लागला की चैत्याच्या कमानींखालून नहपानाचं नाक, कपाळ, केसांची रेघ डोकावते. एका वाटाण्याएवढ्या जागेत जिंकलेला आणि हरलेला असे दोघेही! समोरून फ्लॅश मारला तर त्याच नाण्यावर नुसता गोंधळ दिसतो. नाशिकला गेलीस की त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून ये. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचंही नाण्यांचं संग्रहालय आहे. दोन्हीकडं नाण्यांसोबत त्यांच्यावरचे दिवेही बघ.

जुन्या लोकांनी यावर काय तोडगा काढला होता माहितेय? एकोणिसाव्या शतकातले नाण्यांचे मोठमोठे कॅटलॉग करताना कित्येकदा खऱ्या नाण्याचा फोटो घेतच नसत. नाण्याचा साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं आणि त्या पांढऱ्या ठशाचा फोटो काढायचा. काळवंडलेली चांदी, चकाकी, डाग, सगळ्यांची कटकट संपली आणि उरला तो निव्वळ उठाव. आपल्याला प्लास्टर नको, कारण आपल्याला रंगही हवाय. पण त्यांची नजर कशावर होती ते ध्यानात घे.

आता फोन स्थिर ठेवण्याचं. हातात धरून काढलेला नाण्याचा फोटो हलतोच. ट्रायपॉड नसला तरी चालेल. सारख्या उंचीच्या दिवाळी अंकांच्या दोन चवडी कर, मध्ये फोनच्या लांबीपेक्षा जरा कमी अंतर ठेव, त्यांवर फोन आडवा टेकव आणि लेन्स मधल्या फटीत येऊ दे. पुढून-मागून उजेडाला वाट मोकळी राहते. टायमर दोन किंवा तीन सेकंदांवर लाव, म्हणजे बोट लागल्याचा हिसका बसणार नाही.

फोन नाण्याला समांतर आहे की नाही ते डोळ्यांनी ठरवू नकोस. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेव, पावडरच्या डबीतला चालेल. स्क्रीनवर बघ: लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब अगदी मधोमध दिसलं तर फोन बरोबर आहे. एका बाजूला सरकलेलं दिसलं तर तिकडच्या कडेखाली कागदाची घडी सरकव. मग आरसा काढून तिथंच नाणं ठेव. तुझ्या फोटोत रुपये लांबट दिसतायत आणि एका कडेची अक्षरं धूसर झालीयत ना, ती या तिरकेपणामुळंच.

आणि इतकी जवळ जाऊ नकोस गं! फोनच्या मुख्य लेन्सला साधारण वीतभर अंतर लागतं, त्याच्या आत फोकस बसत नाही. जवळ गेल्यानं फोनचीच सावली नाण्यावर पडते, ते वेगळंच. थोडं वर राहा, दुपटीचा झूम लाव आणि नंतर फोटो कापून घे. बऱ्याच फोनमध्ये ‘मॅक्रो’ म्हणून जी वेगळी लेन्स देतात ती मुख्य लेन्सपेक्षा बरीच कमकुवत असते, तिच्या नावावर जाऊ नकोस. नाण्यावर बोट दाबून धर, फोकस लॉक होईल. मग एक्स्पोजर थोडं खाली ओढ. चांदीवरचा एखादा भाग पूर्ण पांढरा झाला की तिथला तपशील गेलाच, तो नंतर कशानंही परत येत नाही. थोडा अंधार राहिला तर मात्र सावरता येतो.

खाली तू लाल मखमल घातलीस. दिसायला छान, पण तिचा लाल रंग चांदीच्या कडांवर उतरलाय. शिवाय मखमलीचे तंतू नाण्याला चिकटतात. साधा करडा किंवा मळकट पांढरा कागद घे. नाण्याखाली एक छोटं खोडरबर ठेव, बाहेरून दिसणार नाही असं. नाणं उचललं गेलं की कागदाचा पोत धूसर होतो आणि कड स्पष्ट सुटते. काळ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फसतो, सगळा अंधार समजून नाणं भडक उजळतो.

रंगाचं काम सोपं आहे, फक्त उजेड एकाच जातीचा ठेव. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असे दोन्ही एकत्र आले की तांबं एका बाजूला जांभळट, दुसऱ्या बाजूला केशरी दिसतं. एकतर खिडकी, नाहीतर दिवा. फोनचं ते आपोआप रंग खुलवणं बंद कर. रंग बरोबर आला का हे बघायला नाणं स्क्रीनशेजारी धरून जुळव. फोटोवर आडवे पट्टे उमटले तर ती एलईडीच्या लुकलुकण्याची करामत. आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची, म्हणून प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ला ठेवलं की पट्टे जातात.

चकचकीत नाण्यांनी तू हैराण झालीस, ते साहजिक आहे. टांकसाळीतून आलेलं प्रूफ नाणं म्हणजे आरसाच, त्यात छत, फोन, तुझं कपाळ सगळं दिसतं. आधी लॅम्पसमोर बटर पेपर धर, उजेड मऊ होईल. तेवढ्यानं भागलं नाही तर फोटोच्या चौकटीतली साधी स्वच्छ काच घे आणि नाण्याच्या वर पंचेचाळीस अंशांत तिरकी धर, पुस्तकांचा आधार देऊन. लॅम्प बाजूनं, काचेच्या उंचीवर ठेव. काचेवर आपटून उजेड सरळ खाली नाण्यावर जातो आणि फोन काचेतूनच आरपार बघतो. लॅम्पच्या समोरच्या बाजूला काळा पुठ्ठा उभा कर, नाहीतर पलीकडची भिंत काचेत दिसेल. ही रीत झिजलेल्या शिवराईला मुळीच लावू नकोस, तिला आडवाच उजेड हवा. नव्या नाण्याला मात्र याच्याइतकं काही शोभत नाही.

धुळीकडं लक्ष दे. 1862 साल असलेला राणीचा रुपया डब्यात आहे. टांकसाळींनी नंतरची कित्येक वर्षं तेच साल ठेवून रुपये पाडले, आणि त्यांचे प्रकार मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ओळखतात. तुझ्या फोटोत सालाखाली ठिपका आहे की धुळीचा कण, मला कळेना! फोटोपूर्वी रबरी फुगा दाबून हवा मार. तोंडानं फुंकू नकोस, थुंकीचा बारीक तुषार उडतो आणि चांदीवर डाग धरतो. नवीन नाण्यांवरही सालाखालची खूण स्पष्ट येऊ दे: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याला खूणच नाही.

आता मनातलं. मला भीती वाटते ती तुझ्या फोटोंची नाही, आपल्या घरच्या स्वच्छतेची. ‘फोटो काढायचाच आहे तर आधी जरा घासून घे’ असं कुणीतरी म्हणणारच. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, राख, काहीही लावू द्यायचं नाही. तांब्यावरची ती चॉकलेटी साय बसायला पिढ्या लागतात. तीच तांब्याला राखते आणि तीच नाण्याच्या जुनेपणाची साक्ष असते. घासलं की अक्षरांच्या कडा झिजतात, चेहऱ्यावर बारीक ओरखडे येतात आणि जाणकार ते पहिल्या नजरेत ओळखतो. किंमतही पडते, पण त्याहून वाईट म्हणजे ते परत कधीच पूर्ववत होत नाही. एखाद्या तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी धरत असेल, तर फक्त ते बाकीच्यांपासून वेगळं ठेव, फोटो काढ आणि जाणकाराला दाखव. नाणं उचलायचं ते कडेनं, दोन बोटांत, आणि खाली टॉवेलची घडी असू दे. मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटांतून सगळी नाणी बाहेर काढ. त्या प्लास्टिकमधून चिकट हिरवट द्रव सुटतो आणि पाकिटातून काढलेल्या फोटोला काही अर्थही नसतो.

प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू काढ, दोन्हीकडं उजेड त्याच कोपऱ्यातून. कडेचाही एक फोटो घे. दातेरी आहे की गुळगुळीत, की जॉर्ज सहाव्याच्या रुपयासारखी मध्ये खाच आहे, हे तिथंच कळतं. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेव, पण नाण्याच्या उंचीवर. वजन सोनाराकडून करून आण. चांदीचा जुना रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा असायचा. तुझा बराच हलका भरला तर विचार करायला जागा आहे. चवल्या, पावल्या, अधेल्या, भोकाचे पैसे यांना फार वेळ घालवू नकोस, एकेक साधा स्वच्छ फोटो पुरे.

फोटो कुणाला पाठवायचे ते व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर दाबून बारीक होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेव. घरात चांदी आहे आणि ते घर कुठं आहे, हे एकाच फोटोतून परक्याला कळायला नको. ‘तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो मिळतील, आधी एवढी फी भरा’ असा फोन आला तर बोलूही नकोस. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन असे प्रकार चालतात म्हणून बँकेनं 2021 मध्ये लोकांना जाहीरपणे सावध केलं होतं. बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून फीही घेत नाही.

या रविवारी फक्त ती शिवराई घे. एकच लॅम्प, दहाच्या आकड्याकडून, आडवा. ‘पति’ची वेलांटी दिसेपर्यंत थांबू नकोस आणि दिसली की लगेच मला पाठव. आणि धनत्रयोदशीच्या आत आईशी बोलून घे: पूजेच्या ताम्हनात चांदीचं नवीन नाणं ठेवू, आबांच्या डब्यातल्या एकाही नाण्याला या वर्षी चिंच लागता कामा नये.